नोंद नसलेलं पुस्तक

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला वाईहून मामांचा फोन आला. आपल्याकडे एवढ्या सकाळी फोन वाजला की दोनच शक्यता. कोणीतरी गेलं, नाहीतर कोणाचं तरी ठरलं. धडधडत्या छातीने उचलला, तर मामा म्हणाले, "अरे, हे लिबटेसेरॅक्ट काय प्रकरण आहे? सापडत नाही म्हणतोय. आणि मी तर काल रात्री स्वतः बसवलंय!"

नातेवाईक मंडळी वाचत असतील त्यांना मामा ठाऊकच आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. हायस्कूलात मराठी शिकवलं आणि शेवटची बरीच वर्षं शाळेचं ग्रंथालयही सांभाळलं. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले. त्यांच्या जुन्या मशीनवर दुसरं काही धावेना म्हणून मीच उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती घालून दिली होती. आमच्या घराण्यात लिनक्स वापरणारे आम्ही दोघंच. एक पोटासाठी, एक हौसेने. :)

पण या वेळचं काम हौसेचं नव्हतं. मामांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. आणि त्यांच्या कपाटात आजोबांनी १९६१ साली छापून घेतलेली चौसष्ट पानांची एक पुस्तिका आहे. गावातल्या विहिरी, ओढे, शेतांची नावं, कोणत्या विहिरीचं पाणी कोणाला कोणत्या पाळीने, असं सगळं त्यात. खिळ्यांची छपाई, पिवळा पडलेला कागद, कडेने कसर लागलेली. आमच्या माहितीत ही एकच प्रत उरली आहे. तिच्यातली अक्षरं मामांना आता भिंगानेही धड दिसत नाहीत. पानं स्कॅन करून त्यांचा मजकूर करता आला तर पडद्यावर हवा तेवढा मोठा करून, काळ्यावर पिवळा, असा वाचता येईल आणि चुका दुरुस्त करून नीट जपून ठेवता येईल, असा त्यांचा बेत. जोवर एवढं दिसतंय तोवर.

यासाठी टेसेरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. छापील पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून मजकूर काढून देतो. १९८० च्या दशकात ह्युलेट पॅकर्डच्या ब्रिस्टल इथल्या प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला, २००५ साली तो सर्वांसाठी खुला केला गेला आणि पुढे बरीच वर्षं गूगलने त्याला हातभार लावला. मराठी त्याला येतं. उबुंटूच्या त्या आवृत्तीबरोबर त्याची चौथी पिढी मिळते. मामांनी कुठेतरी वाचलं की पाचवी जास्त चांगली, म्हणून त्यांनी मूळ सोर्स उतरवून घेतला आणि पायरी पायरीने तो बांधला. वय वर्षं चौऱ्याहत्तर, एका डोळ्याने. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर दोन सेकंद गप्पच बसलो.

बांधणी झाली, मेक इन्स्टॉल झालं, कुठेही तक्रार नाही. आणि प्रोग्रॅम चालू केल्यावर हे: 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज, लिबटेसेरॅक्ट डॉट एसओ डॉट ५, कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. (आज्ञा आणि नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. करून बघणाऱ्यांनी अर्थातच रोमनमध्ये टाइप करावं.)

मामांनी मला फोन करण्याआधी नातवाला विचारलं होतं. नातू हुशार, बंगळूरला नोकरीला. त्याने तो मजकूर एआयच्या चौकटीत डकवला, जे उत्तर आलं ते आजोबांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. उपाय असा की सिस्टिममध्ये लिबटेसेरॅक्ट डॉट एसओ डॉट ४ आहेच, तिलाच ५ नावाचा एक सिमलिंक करून द्या. म्हणजे दारावरची पाटी बदला, आत माणूस तोच. मामांनी केलं. पहिली एरर गेली खरी, पण तिच्या जागी दुसरी, जास्त गूढ आली. 'सिम्बॉल लुकअप एरर, अनडिफाइंड सिम्बॉल' आणि पुढे एक हातभर लांब अगम्य शब्द.

यात नातवाला मी दोष देत नाही. कारण हेच मी वीस वर्षांपूर्वी केलंय, आणि याहून वाईट केलंय.

२००५ च्या सुमारास होस्टेलवर असताना मला एक व्हिडिओ प्लेयर चालवायचा होता. तो जीलिबसीची नवी आवृत्ती मागत होता. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सगळ्यात पायाभूत लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्या खांद्यावर उभा असतो. मित्राच्या मशीनवर ती नवी होती. मी ती फाइल पेन ड्राइव्हवर आणली आणि रूट होऊन माझ्या जुन्या फाइलवर चढवली. एंटर मारला आणि सगळं शांत. फाइलींची यादी दाखवणारी एलएस चालेना. परत कॉपी करणारी सीपी चालेना. जुनी फाइल शेजारी ठेवलेली होती, पण ती जागेवर आणायला जो हात लागतो तोच मी कापून टाकला होता. घाबरून रात्री दोनला मशीन फॉरमॅट केलं आणि त्यात सेमिस्टरभराचा प्रोजेक्ट रिपोर्ट गेला. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं, हे नंतर कळलं. नॉपिक्सची एक सीडी लावून बूट केलं असतं तर पाच मिनिटांत फाइल जागेवर ठेवता आली असती. रिपोर्ट लायब्ररीने घालवला नाही. एरर न वाचता ती बंद करण्याच्या घाईने घालवला.

तर मुद्दा असा की, ही एरर वाचायची असते. ती जे म्हणते आणि आपण जे ऐकतो त्यात फरक आहे. आपण ऐकतो, 'फाइल नाही'. ती म्हणते, 'मी जिथे शोधलं तिथे मला सापडली नाही'. घरात कात्री सापडत नाही म्हणणाऱ्या नवऱ्याला कुठल्याही बायकोने विचारावा तो प्रश्न इथे विचारायचा: शोधलं कुठे?

कुठे शोधतं ते अगदी ठरलेलं आहे. प्रोग्रॅम चालू केला की आधी डायनॅमिक लिंकर नावाचा एक छोटा कारकून पुढे येतो. प्रोग्रॅममध्ये एक यादी लिहिलेली असते, मला अमुक अमुक लायब्ररी लागतील. कारकून त्या शोधून आणून जोडून देतो आणि मगच खरं काम सुरू होतं. तो अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. प्रोग्रॅममध्येच कोणी पत्ता कोरून ठेवला असेल तर तो बघतो. एलडी लायब्ररी पाथ नावाची सूचना दिली असेल तर ती बघतो. मग ईटीसी फोल्डरमधली एलडी डॉट एसओ डॉट कॅश नावाची तयार सूची, आणि शेवटी लिब आणि यूएसआर-लिब हे नेहमीचे फोल्डर. बस. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथेच लायब्ररी पडलेली असली तरी तो वाकून बघणार नाही.

आपण सोर्सवरून बांधलेल्या गोष्टी बहुधा यूएसआर-लोकल-लिब मध्ये जाऊन बसतात. उबुंटू आणि डेबियनमध्ये हा फोल्डर शोधायच्या ठिकाणांत लिहिलेला असतो. पण सूची मात्र आपोआप ताजी होत नाही. ती ताजी करायची आज्ञा म्हणजे सुडो एलडीकॉन्फिग. फेडोराच्या घराण्यात तर तो फोल्डर मुळात ठिकाणांच्या यादीतच नसतो. तिथे एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात पत्ता लिहायचा, मग एलडीकॉन्फिग.

हे मी मामांना फोनवर समजावत होतो. मध्येच ते हसायला लागले. म्हणाले, "म्हणजे पुस्तक आलं, फळीवर लागलं, पण नोंदवहीत चढवलं नाही. मग मुलगा काउंटरवर मागायला आला की शिपाई वही बघून नाही म्हणणारच. अरे, आमच्याकडे अशी किती पुस्तकं होती! आणि तुझा तो सिमलिंक म्हणजे पाचवीच्या पुस्तकाला सहावीचं कव्हर घालून मुलाच्या हातात देणं."

मी इतकी वर्षं हे काम करतोय, नव्या मुलांना शिकवतोय, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. या गोष्टीचं नाव 'लायब्ररी' आहे हे आपण विसरूनच गेलेलो असतो.

कव्हराचा मुद्दा तर फार महत्त्वाचा आहे. लायब्ररीच्या नावाच्या शेवटी तो जो आकडा असतो, डॉट एसओ डॉट ४, डॉट एसओ डॉट ५, तो शोभेचा नसतो. तो शब्द दिलेला असतो. ४ म्हणजे, मी ४ च्या कराराप्रमाणे वागेन. करार मोडणारा बदल केला की लेखकाने आकडा बदलायचा असतो, म्हणजे जुन्या करारावर विसंबलेल्यांची फसगत होत नाही. आपण सिमलिंक करून ४ ला ५ म्हणवतो तेव्हा खोटी सही करतो. कधी कधी खपून जातं. कधी मामांसारखी लगेच एरर येते, आणि ते नशीबच म्हणायचं. सगळ्यात वाईट म्हणजे प्रोग्रॅम चालतो आणि गुपचूप चुकीचं काहीतरी करत राहतो.

मग आम्ही काय केलं? आधी तो खोटा सिमलिंक काढला. मग एलडीडी ही आज्ञा टेसेरॅक्टवर चालवली. कोणती लायब्ररी कुठून आली याची यादी ती देते आणि जी मिळाली नाही तिच्यापुढे 'नॉट फाउंड' लिहिते. (अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या प्रोग्रॅमवर मात्र एलडीडी चालवू नका, ती त्यातला भाग प्रत्यक्ष चालवू शकते. तिथे ऑब्जडम्प वापरावं, ते नुसतं वाचतं.) यादीत 'नॉट फाउंड' एकच होतं. मग फाइंडने ती फाइल खरंच डिस्कवर आहे का बघितलं. होती, यूएसआर-लोकल-लिब मध्ये, आरामात बसलेली. सुडो एलडीकॉन्फिग. पुन्हा एलडीडी. सगळ्यांपुढे पत्ते आले. एकूण चार आज्ञा, सहा मिनिटं, त्यात मामांचा चहा.

फाइल डिस्कवर नसतीच तर मग ती कोणत्या पॅकेजातून येते ते शोधायचं. उबुंटूवर एप्टी-फाइल, फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स. आणि फाइल आहे, नोंद आहे, तरी नाही म्हणत असेल तर ३२ बिट आणि ६४ बिटचा घोळ आहे का ते बघायचं. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटची लायब्ररी चालत नाही. क्रम एवढाच: काय मागतोय, ते आहे का, कुठे शोधतोय. उपाय नंतर.

आता माझं मत. नातवाचं म्हणणं, जे त्याने मला नंतर फोनवर ऐकवलं, असं होतं: "काका, पण हा त्रास हवाच कशाला? आता अ‍ॅपइमेज आहे, स्नॅप आहे, फ्लॅटपॅक आहे, कंटेनर आहेत. ज्याने त्याने आपलं सामान आपल्याबरोबर आणावं. डिस्क स्वस्त झालीय." बोलणं अगदीच चूक नाही. मीही वापरतो. ज्या आजींना फक्त फोटो बघायचेत त्यांच्याकडून एलडीकॉन्फिगची अपेक्षा ठेवणं हा माजोरडेपणा आहे.

पण सामायिक लायब्ररी ही केवळ डिस्क वाचवायची युक्ती नव्हती. एकाच लायब्ररीचा कोड मेमरीत एकदा चढतो आणि वीस प्रोग्रॅम तो वापरतात, हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा दुरुस्तीचा. २००२ साली झेडलिब या दाबून साठवणाऱ्या लायब्ररीत एक धोकादायक चूक सापडली. जे प्रोग्रॅम सामायिक प्रत वापरत होते ते ती प्रत बदलली की सुधारले. ज्यांनी स्वतःच्या पोटात झेडलिबची प्रत घेतली होती त्यांना एकेक करून शोधत बसावं लागलं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड उघडकीला आलं, तेव्हाही तेच. एक पॅकेज अद्ययावत करा, त्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा चालू करा, आणि त्या मशीनवरच्या त्या लायब्ररीच्या सगळ्या भाडेकरूंचं भोक एकदम बुजलं. प्रत्येकाच्या घरात वेगळी विहीर असेल तर गाळ कोणाकोणाच्या घरी जाऊन उपसायचा?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतोय असं होईल. सामायिक विहिरीत कोणी विष टाकलं तर सगळ्या गावाला लागतं. मार्च २०२४ मध्ये तेच होता होता राहिलं. एक्सझेड या साध्याशा लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी शिताफीने चोरदरवाजा घातला होता. ती लायब्ररी काही लिनक्समध्ये आडवाटेने एसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचत होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियराला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढं खटकलं, त्याने ते सोडून दिलं नाही, आणि म्हणून बहुतेक जग वाचलं.

अर्धा सेकंद! आपल्यापैकी किती जण अर्ध्या सेकंदासाठी थांबून विचारतील, हे का? मला वाटतं सामायिक व्यवस्था टिकते ती अशा विचारणाऱ्यांमुळे. सगळ्यांनी इंजिनियर व्हावं असं मी म्हणत नाहीये. पण जो लिनक्सवर सोर्सवरून काही बसवायला धजावतो, त्याने निदान एरर एकदा पूर्ण वाचावी, आणि उपाय एआयने दिला, मित्राने दिला किंवा मी दिला, तो नक्की काय बदलतोय हे विचारल्याशिवाय सुडो टाइप करू नये. एरर गप्प करणं आणि बिघाड दूर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टला विचारा.

आणि याचा पुरावा मला मामांनीच दिला. एलडीकॉन्फिगनंतर मी फोन ठेवला आणि अंघोळीला गेलो. तेवढ्यात त्यांना पुढची एरर आली होती: मराठीची डेटा फाइल उघडता येत नाही. बाहेर येऊन बघतो तर मिस्ड कॉल नाही, फक्त मेसेज: "तोच रोग. मराठीची फाइल जुन्या टेसेरॅक्टच्या फोल्डरमध्ये होती, नवा यूएसआर-लोकल-शेअर-टेसडेटा मध्ये शोधतोय. तिथे ठेवली. चालू."

कुठे शोधतोय हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला होता. नातवाच्या व्हॉट्सअ‍ॅपने त्यांना एक उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरापलीकडे त्यांना जाता आलं नव्हतं. या दोन्हींतला फरक सांगायलाच मी हा एवढा पसारा मांडला.

पुस्तिकेचं काम आता हळूहळू चाललंय. टेसेरॅक्ट जोडाक्षरांत गोंधळतं, खिळा झिजलेला असेल तिथे रफार खातं, आणि कसरीच्या भोकांना अनुस्वार समजतं. मामा रोज एक पान घेतात, अक्षर मोठं करून, सकाळच्या उजेडात. जे पडद्यावर लागत नाही ते मूळ पान आईला फोनवरून वाचून दाखवायला लावतात म्हणे, व्हिडिओ कॉल करून. पानं स्कॅन केलेली दोघांकडे आहेत. काल अकरावं पान झालं. त्यात ओढ्याकाठच्या एका विहिरीचं नाव आहे जे आईला आठवत होतं, पण गावात आता कोणी घेत नाही. विहीर बुजली. नाव सापडलं, नोंद झाली.

असो. सुट्टीत वाईला जाणार आहे. मामा म्हणालेत, येताना नातवाला घेऊन ये, त्याला नोंदवही कशी ठेवतात ते दाखवायचंय.